मधल्या माणसाचा परवाना

८ सप्टेंबर २०१७. 'अर्मा' चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दिशेने येत होतं. राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅनटी काउंटीचे अधिकारी कॅमेऱ्यासमोर उभे राहून लोकांना सावध करत होते, घरं सोडून सुरक्षित जागी जायला सांगत होते. त्यांच्या बाजूला पिवळ्या टी-शर्टमधला एक तरुण हात हलवत होता. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांना वाटलं, हा सांकेतिक भाषेचा दुभाषी, सरकारने चांगली सोय केली. ज्यांच्यासाठी ती सोय होती त्या कर्णबधिर प्रेक्षकांना मात्र त्याच्या हातांतून 'पिझ्झा', 'अस्वल', 'राक्षस' असे सुटे शब्द दिसले. वादळ कुठे पोचलं आणि आपण कुठे जायचं, हे त्यातून कळायला मार्ग नव्हता.

हा तरुण काउंटीच्या सेवेत किनाऱ्यावरचा जीवरक्षक होता. त्याचा भाऊ कर्णबधिर असल्यामुळे त्याला थोड्याफार खुणा येत होत्या. ऐन वेळी दुभाषी मिळेना, तेव्हा अधिकाऱ्यांनी त्यालाच उभं केलं. कुणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता आणि तरीही जिवावर बेतेल अशी चूक घडली.

तीन महिनेही उलटले नाहीत तोच त्याच राज्यात, मॅनटीच्या उत्तरेला असलेल्या टॅम्पा शहरात याहून विचित्र प्रकार घडला. चार खुनांच्या तपासात पोलिसांनी एका संशयिताला पकडलं होतं आणि २८ नोव्हेंबरला त्याची माहिती द्यायला पत्रकार परिषद बोलावली होती. एक बाई आल्या, पोलीसप्रमुखांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि हातवारे करू लागल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तुम्हाला कोणी पाठवलं, तुमच्याकडे काय प्रमाणपत्र आहे, असंही कुणी विचारलं नाही. परिषद संपल्यावर कर्णबधिर लोकांनीच सांगितलं की त्या हातवाऱ्यांना काही अर्थ नव्हता. पुढे उघड झालं की फसवणुकीच्या गुन्ह्यांत त्या बाईंना आधी शिक्षाही झाली होती. फ्लोरिडात तेव्हा सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला परवाना घ्यावा लागत नव्हता.

जगाला हा प्रश्न पहिल्यांदा दिसला तो त्याआधी चार वर्षं, १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्गमध्ये. नेल्सन मंडेलांच्या स्मृतिसभेत राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांपासून अनेक नेते बोलले. त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा असलेला दुभाषी अर्थहीन खुणा करत राहिला. सभा चालू असतानाच तिथल्या संसदेतल्या कर्णबधिर खासदार विल्मा न्यूहाउट-ड्रूशेन यांनी हे जाहीरपणे सांगितलं. पुढल्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत भाषाव्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेचा कायदा झाला.

तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. व्यासपीठावरच्या एकालाही काही चुकतंय असं वाटलं नाही.

नळ दुरुस्त करणाऱ्याने काम बिघडवलं तर पाणी गळतं आणि घरमालकाला ते दिसतं. दुभाष्याचं काम बिघडलं तर काहीच दिसत नाही. दवाखान्याच्या खोलीत डॉक्टर, पेशंट आणि दुभाषी असे तिघं बसलेले असतात. डॉक्टरला खुणा कळत नाहीत, म्हणून आपलं बोलणं बरोबर पोचलं का हे त्याला तपासता येत नाही. पेशंटला डॉक्टरचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आपल्यापर्यंत आलेलं त्यालाही पडताळता येत नाही. दोन्ही भाषा कळणारा त्या खोलीतला एकुलता एक माणूस म्हणजे दुभाषी. त्यालाच भाषा धड येत नसेल, तर चूक झाल्याचं तिथे कुणालाच समजत नाही. गोळी दिवसातून दोनदा घ्यायची की दोन दिवसांतून एकदा, एवढ्या फरकाने माणूस मरू शकतो. गप्प राहण्याचा हक्क समजावताना पोलीस ठाण्यातल्या दुभाष्याने 'गप्प बसा' असा हुकूम सांगितला, तर अख्खा खटला वाकड्या वाटेला जातो. खोलीतल्या दोघांना जे तपासता येत नाही ते त्यांच्या वतीने आधीच तपासून ठेवणं, हे सरकारचं काम आहे. परवान्याच्या बाजूने याहून भक्कम कारण दुसरं नाही.

अमेरिकेला हे कळायला वेळ लागला. फार काळ तिथे दुभाषी हा व्यवसायच नव्हता. कर्णबधिर आईबापांची ऐकू येणारी मुलं, चर्चमधले पाद्री, कर्णबधिरांच्या शाळेतले शिक्षक हे काम फुकट, उपकार म्हणून करायचे. आठ वर्षांची मुलगी बँकेत बापाच्या कर्जाबद्दल बोलायची, दवाखान्यात आईच्या दुखण्याची बातमी आईला सांगायची. ते वय ती बातमी उचलण्याचं नाही, याचा विचार कुणी केला नव्हता. खुणांना भाषा मानायलाच विद्वान तयार नव्हते. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये या खुणांची रचना उलगडून दाखवली, तेव्हा कुठे विद्यापीठांमधून या भाषेचा स्वतंत्र अभ्यास मूळ धरू लागला. १९६४ च्या जूनमध्ये इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी एका कार्यशाळेसाठी जमलेल्या मंडळींनी दुभाष्यांची राष्ट्रीय नोंदणी संस्था काढली. तिचं नाव 'रजिस्ट्री ऑफ इंटरप्रिटर्स फॉर द डेफ', बोलण्यात आरआयडी. १९७२ पासून ही संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्रं देऊ लागली.

मग कायदे आले. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई केली. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना सार्वजनिक शाळांची दारं उघडली. १९७८ मध्ये केंद्रीय न्यायालयांतल्या दुभाष्यांचा कायदा झाला. २६ जुलै १९९० रोजी अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्टवर, म्हणजे एडीएवर, सही झाली आणि दुभाषी पुरवण्याची जबाबदारी दवाखाने, कॉलेजं, खासगी कंपन्या यांच्यावरही आली. मागणी एकाएकी वाढली. पण एडीएच्या नियमांत दुभाषी 'पात्र' असावा एवढंच आहे. त्याने परिणामकारक, अचूक आणि निःपक्षपातीपणे काम करावं, समोरच्याचं समजून घेण्यात आणि त्याला समजावण्यात दोन्हीकडे, आणि त्या क्षेत्रातले खास शब्द त्याला यावेत. व्याख्या नेमकी आहे, मात्र प्रमाणपत्राची सक्ती तिच्यात नाही. मग पात्रता ठरवायची कुणी? व्यवहारात ती दवाखान्यातल्या नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या कर्मचाऱ्याने ठरवायची, आणि त्याला खुणांच्या भाषेतला एक शब्दही येत नसायचा.

ही फट राज्यांनी बुजवायला घेतली. अमेरिकेत वकील, परिचारिका, केस कापणारे अशा सगळ्यांचे परवाने राज्य सरकारं देतात, त्यामुळे दुभाष्यांचा प्रश्नही त्यांच्याच दारी आला. मिझुरीने १९९४ मध्ये कायदा केला. अलाबामा आणि केंटकी यांनी १९९८ मध्ये, आणि केंटकीत २००३ पासून परवान्याशिवाय मोबदला घेऊन हे काम करायला बंदी आली. इलिनॉय आणि न्यू मेक्सिको यांचे कायदे २००७ चे, ओरेगॉनचा अगदी अलीकडचा, २०२३ चा. टेक्सासने वेगळी वाट धरली. तिथे राज्याने स्वतःची परीक्षाच उभी केली. 'बीईआय' नावाची ही परीक्षा इतकी मजबूत निघाली की इतर राज्यांनीही ती घेतली. मेक्सिकोच्या सीमेवरच्या या राज्यात घरी स्पॅनिश, शाळेत इंग्रजी आणि मित्रांत खुणांची भाषा असं जगणारी कर्णबधिर मुलं पुष्कळ आहेत, म्हणून बीईआयमध्ये तीन भाषांच्या दुभाष्यासाठी वेगळी परीक्षा आहे. गरज ओळखून नियम कसा करावा याचं हे उत्तम उदाहरण.

परवाना मिळवायला साधारणपणे काय लागतं? आधी लेखी परीक्षा, तिच्यात व्यवसायाचं ज्ञान आणि नीतिनियम. मग प्रात्यक्षिक, म्हणजे चित्रफितीवरच्या माणसाचं बोलणं किंवा खुणा ऐकत-पाहत त्याच वेळी दुसऱ्या भाषेत सांगणं. आरआयडीच्या परीक्षेला बसणाऱ्या ऐकू येणाऱ्या उमेदवाराला २०१२ पासून पदवीही लागते. प्रमाणपत्र मिळालं की संपलं असं नाही. चार वर्षांत ८० तासांचं पुढचं शिक्षण करावं लागतं. आणि पाळायची आचारसंहिता असते. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, स्वतःचं मत मध्ये घालायचं नाही, झेपत नसलेलं काम घ्यायचं नाही.

मग संस्थेचं प्रमाणपत्र असताना सरकारी परवाना कशाला? फरक दंडाच्या बाबतीत पडतो. आरआयडीकडे तक्रार गेली आणि ती खरी ठरली, तर संस्था फार तर प्रमाणपत्र काढून घेईल. परवाना नसलेल्या राज्यात तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाऊ शकतो, कारण तिथे प्रमाणपत्र लागतच नाही. राज्याचं मंडळ मात्र दंड करू शकतं, काम बंद करायला लावू शकतं. कर्णबधिरांचं जग लहान असतं. गावात दोनच दुभाषी असले तर समुपदेशकाच्या खोलीतही तोच, कोर्टातही तोच आणि मुलाच्या शाळेतही तोच. एखाद्याने गुपित फोडलं तर ते सगळ्या समाजात पसरतं. ज्याच्या तोंडून आपण बोलतो त्याच्याविरुद्ध तक्रार करायला माणूस धजावत नाही. तक्रार ऐकणारं अधिकृत ठिकाण असणं म्हणूनच मोलाचं आहे.

आता या व्यवस्थेच्या जखमांकडे यायला हवं, आणि सगळ्यात खोल जखम शाळेत आहे.

मिशिगन राज्यात कर्णबधिरांच्या दुभाष्यांचा कायदा १९८२ पासून आहे. सुरुवातीला त्याचा भर कोर्ट आणि सरकारी कामकाजावर होता. याच राज्यातल्या स्टर्जिस गावच्या शाळेत २००४ मध्ये मेक्सिकोहून आलेला नऊ वर्षांचा कर्णबधिर मुलगा दाखल झाला. पुढे न्यायालयात मांडलेल्या तक्रारीनुसार, त्याला दिलेल्या मदतनिसांकडे पात्रता नव्हती. त्यांतल्या एकीने खुणा स्वतःच्या स्वतः शिकण्याचा प्रयत्न केला होता. ते तासन् तास वर्गातून गायबही असायचे. शाळा मात्र चांगले गुण देत राहिली, दर वर्षी वरच्या वर्गात ढकलत राहिली. आईवडिलांना वाटलं, मुलगा शिकतोय. शिक्षण संपायला काही महिने उरले असताना शाळेने सांगितलं की त्याला पदविका मिळणार नाही. 'पेरेझ विरुद्ध स्टर्जिस पब्लिक स्कूल्स' हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २१ मार्च २०२३ रोजी सर्वच्या सर्व न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की या मुलाला एडीएखाली नुकसानभरपाईसाठी दावा लावता येईल. निकाल न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी लिहिला. विजय मोठा होता, पण मुलगा तोवर मोठा होऊन गेला होता. भाषा शिकण्याची वर्षं भरपाईत परत मिळत नाहीत.

शाळांतल्या दुभाष्यांसाठी नेब्रास्कातल्या ओमाहा शहरातल्या बॉइज टाउन रुग्णालयात 'ईआयपीए' नावाची चाचणी घेतली जाते. गुण शून्य ते पाच. बऱ्याच राज्यांत साडेतीन गुण असले की वर्गात उभं राहता येतं, काही राज्यं चार मागतात. चाचणीच्याच वर्णनानुसार चौथ्या पातळीचा दुभाषीसुद्धा वर्गातलं बरंचसं सांगू शकतो, पण विषय गुंतागुंतीचा झाला किंवा मुलं भराभर बोलू लागली की अडखळू शकतो. मग साडेतीनच्या दुभाष्यासमोर बसलेल्या मुलाला विज्ञानाचा तास किती कळत असेल? ऐकू येणाऱ्या मुलांना अर्धामुर्धा धडा शिकवणारा शिक्षक कोणत्याही पालकाने चालवून घेतला नसता. कर्णबधिर मुलाचा पालक चालवून घेतो, कारण त्याला कळायला वाव नसतो. कमाल पात्रता कोर्टासाठी आणि किमान शाळेसाठी, हा क्रम उलटा असायला हवा. कोर्टात उभा राहणारा प्रौढ निदान आपल्याला कळत नाही एवढं सांगू शकतो. सहा वर्षांच्या मुलाची भाषा त्या दुभाष्याच्या हातांतूनच घडत असते.

दुसरी जखम जुनी आहे आणि ती परवान्याच्या कल्पनेलाच प्रश्न विचारते. नॉर्थ कॅरोलिनातला ज्युनियस विल्सन हा कृष्णवर्णीय कर्णबधिर माणूस. १९२५ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याच्यावर बलात्काराच्या प्रयत्नाचा आरोप आला. खटला चाललाच नाही. त्याला वेडा ठरवून गोल्ड्सबरोच्या कृष्णवर्णीयांच्या मनोरुग्णालयात टाकलं, तिथे त्याचं खच्चीकरण केलं. आरोप १९७० मध्ये मागे घेतले, तरी तो रुग्णालयातच राहिला. २००१ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याची कहाणी सुझन बर्च आणि हॅना जॉयनर या इतिहासकारांनी २००७ मध्ये पुस्तकातून मांडली. विल्सन ज्या खुणा करायचा त्या रॅलेच्या, फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या वेगळ्या शाळेत घडलेल्या होत्या. गोऱ्यांच्या शाळांमधली अमेरिकन सांकेतिक भाषा शिकलेल्या माणसाला त्या सहज कळत नसत. गॅलॉडेटच्या कॅरोलिन मॅकॅस्किल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीय कर्णबधिरांच्या या भाषारूपावरचं संशोधन २०११ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलं. भिंतीवर टांगलेला परवाना असा माणूस समोर आला की अपुरा पडतो.

यावर उपाय आहे, आणि तो कर्णबधिर समाजातूनच आला. कर्णबधिर दुभाषी. ऐकणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, पण रचना सोपी आहे. ऐकू येणारा दुभाषी न्यायाधीशाचं बोलणं प्रचलित सांकेतिक भाषेत सांगतो. शेजारचा कर्णबधिर दुभाषी ते घेऊन समोरच्या माणसाच्या कुवतीच्या, गावच्या, घरच्या खुणांत उतरवतो. ज्याला शाळाच मिळाली नाही, ज्याच्या खुणा घरापुरत्या आहेत, जो परदेशातून आला आहे, जो घाबरलेलं मूल आहे, अशा माणसापर्यंत पोचण्याचं कसब जन्मापासून डोळ्यांनी जगलेल्या माणसाकडेच अधिक असतं. पण परवान्याच्या व्यवस्थेने सर्वांत जास्त हाल केले ते नेमके यांचेच. २०१६ च्या सुरुवातीला आरआयडीने आपल्या प्रात्यक्षिक परीक्षा थांबवल्या. ऐकू येणाऱ्यांची परीक्षा त्यातल्या त्यात लवकर सुरू झाली, कर्णबधिर दुभाष्यांची कित्येक वर्षं बंद राहिली. ज्या राज्यांचा कायदा या प्रमाणपत्रावर उभा होता, तिथे नव्या कर्णबधिर दुभाष्याला परवान्याचा सरळ रस्ताच उरला नाही. राज्याने कायदा करायचा आणि परीक्षा दुसऱ्याच्या हाती सोपवायची, या व्यवस्थेचा धोका तेव्हा उघडा पडला.

परवान्यांना विरोध करणाऱ्यांचंही ऐकायला हवं. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पाच टक्क्यांहून कमी कामगारांना सरकारी परवाना लागायचा, २००८ पर्यंत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर गेलं. कामांवर असं कुंपण घातलं की आतल्यांचे दर वाढतात आणि बाहेरचा गरीब बाहेरच राहतो, ही टीका बऱ्याच व्यवसायांबाबत खरी आहे. दुभाष्यांच्या बाबतीत तिला आणखी एक बाजू आहे. शहरापासून तीनशे किलोमीटरवरच्या दवाखान्यात परवानाधारक दुभाषी नसेल, तर कडक कायद्यामुळे तो उगवत नाही. खुर्ची रिकामी राहते. म्हणून परवाना देणाऱ्या बऱ्याच राज्यांनी तात्पुरते परवाने ठेवले, आणीबाणीची आणि धार्मिक कार्यक्रमांची सूट दिली. सवलतीतून पळवाटाही निघतात. आणीबाणी म्हणून बोलावलेला माणूस दर वेळी तोच असेल, तर ती आणीबाणी उरत नाही. २०१० मध्ये सुधारलेल्या एडीएच्या नियमांनी मात्र एक गोष्ट पक्की केली. अगदी जिवावरचा प्रसंग वगळता सोबत आलेल्या लहान मुलाकडून दुभाष्याचं काम करून घ्यायचं नाही.

व्हिडिओवरच्या दुभाष्यांनी गुंता वाढवला आहे. दुभाषी एका राज्यात, पेशंट दुसऱ्या राज्यात, डॉक्टर तिसऱ्या. परवाना कुठला धरायचा? ॲरिझोनाने २०१९ मध्ये इतर राज्यांचे व्यावसायिक परवाने सरसकट मान्य करणारा कायदा केला, असं करणारं ते पहिलं राज्य. बाकीच्या राज्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत आणि दुभाष्याचा वेळ अर्जांमध्ये जातो.

आता आपल्या देशाकडे पाहू. भारतात २०११ च्या जनगणनेने ऐकण्याची अक्षमता असलेले सुमारे ५० लाख लोक मोजले. आपल्याकडे पहिली कर्णबधिर शाळा मुंबईत १८८५ मध्ये निघाली, पण दुभाष्यांच्या प्रशिक्षणाला खूप उशीर झाला. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत या शतकाच्या सुरुवातीला सांकेतिक भाषेचे अभ्यासक्रम उभे राहिले. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राला मंजुरी मिळाली. दुभाष्यांचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेने चालतो. याच परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय पुनर्वसनाचा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

२२ सप्टेंबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी दुभाष्याच्या मदतीने ऑनलाइन बाजू मांडली आणि त्याची देशभर बातमी झाली. पुढल्याच महिन्यात न्यायालयाने त्यांच्यासाठी स्वतः दुभाषी नेमला. आनंदाचीच गोष्ट. पण खरी कसोटी खालच्या न्यायालयांत आहे. २०१३ च्या दुरुस्तीने पुरावा कायद्याच्या कलम ११९ मध्ये आलेला नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचं म्हणणं दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनी प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला दुभाष्यांची आणि विशेष शिक्षकांची यादी ठेवायला सांगितलं आहे.

यातली चित्रीकरणाची तरतूद सोन्यासारखी आहे. खोलीत जे कुणालाच तपासता येत नाही ते फितीवरून नंतर तपासता येतं, मात्र ती फीत पाहणारा माणूस खुणांच्या भाषेतला जाणकार हवा. तो कर्णबधिर असला तर उत्तम. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्याच्या यादीत दुभाष्यांच्या नावांशेजारी अशा दोन-तीन कर्णबधिर तज्ज्ञांची नावं घालायला नवा कायदा लागत नाही, बाल संरक्षण कक्षाला जिल्ह्यातल्या कर्णबधिरांच्या संघटनेशी बोलून हे काम करता येईल. त्यांना साक्षीदाराइतकाच प्रवासखर्च आणि दुभाष्याइतकंच मानधन द्यावं लागेल, आणि ते अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावं लागेल.